स्मार्ट बोर्ड राहू द्या, शाळेला एक मामा द्या

१९९४ च्या दहावीच्या सगळ्या तुकड्यांना, लॅबमामाचा नमस्कार.

मागच्या महिन्यात तुम्ही मला स्नेहमेळाव्याला बोलावलंत. शाल दिलीत, नारळ दिलात, पाया पडलात. ज्यांनी एकेकाळी माझ्या पाठीवर ‘मला ढकला’ असा कागद चिकटवला होता, तेही पाया पडले. जेवण चांगलं होतं. मावशींची आठवण काढलीत, त्याचं जास्त बरं वाटलं. त्या आता गावी असतात, गुडघे चालत नाहीत.

जेवणाआधी घोषणा झाली, की बॅचतर्फे शाळेला चार इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे नवे स्मार्ट बोर्ड, सहा लाख रुपये. टाळ्या मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. तिथेच उठून बोलायला हवं होतं, पण सदतीस वर्षं सभागृहाच्या मागच्या दारापाशी उभा राहिलेला माणूस मी, माईक हातात घ्यायची सवय नाही. लिहायची थोडी आहे, कारण सुट्टीच्या दिवसांत शाळा राखताना ग्रंथालयाची निम्मी कपाटं वाचून काढली होती. तुमच्या पुढच्या-मागच्या बॅचही असाच विचार करताहेत असं कानावर आलं, म्हणून पत्र उघडच लिहितो.

आधी सांगतो, या अगोदर मिळालेल्या स्मार्ट बोर्डाचं काय झालं. नववी ‘ब’च्या वर्गात तो आहे. त्याच्यावर फुलाफुलांची चादर आहे, धूळ बसू नये म्हणून. रिमोट कपाटात, कपाटाची चावी मोठ्या बाईंच्या टेबलात, आणि बाई बहुतेक वेळ कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरण्यात. वर्ग कोण उघडणार, तास संपल्यावर बटण कोण बंद करणार, पावसात खिडकी कोण लावणार, या तीन प्रश्नांवर तो बोर्ड अडला. बिघडलेला नाही. मी निवृत्तीनंतर दोनदा जाऊन बघितला, चांगला चालतो.

माणूसच नाही, ही गोष्ट आहे. तुमच्या वेळी आम्ही किती जण होतो आठवा. घंटेवर एक, कार्यालयात एक, रात्रीचा पहारेकरी, दोन मावशी, ग्रंथालयात एक आणि लॅबमध्ये मी. आज दोन अधिवेशनांना मिळून एक मामा उरलेत आणि त्यांची दीड वर्षं राहिलीत. सकाळी घंटा देतात, दुपारी बँकेत जातात, मधल्या वेळात कुणाला चक्कर आली तर रिक्षा बघतात.

हे संस्थेने केलं असं समजू नका. ११ डिसेंबर २०२० ला शासन निर्णय निघाला. अनुदानित शाळांतली शिपाई, पहारेकरी, सफाईगार, प्रयोगशाळा परिचर ही चतुर्थ श्रेणीची पदं यापुढे नेहमीच्या वेतनश्रेणीत भरायची नाहीत. जो आहे तो निवृत्त होईपर्यंत राहील, तो गेला की पद व्यपगत. ‘व्यपगत’ हा शब्द मला कोशात बघावा लागला, म्हणजे पदच संपलं. त्याऐवजी शाळेला पटाप्रमाणे शिपाई भत्ता मिळतो, मुंबईत माणशी महिना १०,००० रुपये. या शहरात दुचाकीवर जेवणाचे डबे पोचवणारा पोरगाही याहून जास्त मिळवतो. दहा हजारांत जो येतो तो दुसरं काही मिळेपर्यंतच टिकतो. आपल्या शाळेत दोन वर्षांत तिघे आले नि गेले. त्यातला एक फार चांगला होता, मुलांची नावं आठवड्यात पाठ केली होती त्याने. त्याला मॉलमध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी लागली. मीच म्हटलं, जा बाबा.

आणि वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून खडू, फिनेल, वीज, दुरुस्ती यांसाठी सरकार देतं ते, २००४ पासून कितीतरी वर्षं बंदच होतं. २०१३ पासून पुन्हा सुरू झालं, पण हिशेब जुन्या पाचव्या वेतन आयोगाच्या पगारावर धरून, त्याच्या पाच टक्के. खडूचा भाव काही पाचव्या आयोगावर थांबलेला नाही.

आता लॅबचं. तुम्हाला लॅब म्हणजे काय आठवतं ते मेळाव्यात ऐकलं. सांगाडा, बरणीतला साप आणि सडक्या अंड्यांचा वास. तो वास किपच्या उपकरणातला. आयर्न सल्फाइडच्या खड्यांवर विरल आम्ल पडलं की निघणारा हायड्रोजन सल्फाइड. तो प्रयोग झाला की शेजारच्या सातवीच्या बाई चिठ्ठी पाठवायच्या, की मामा, खिडक्या उघडा. पण तुम्ही यायच्या आधी नि गेल्यानंतर त्या खोलीत काय चालायचं ते तुम्ही पाहिलेलं नाही. ते आज सांगतो, कारण त्यावाचून माझं म्हणणं कळणार नाही.

मॅग्नेशियमची फीत डबीतून काढून चिमट्यात धरली तर पेटत नाही. तिच्यावर राखाडी थर चढलेला असतो. आदल्या दिवशी पॉलिशपेपरने घासून ठेवावी लागते, तेव्हा तो पांढरा झगझगाट होतो ज्याला तुम्ही ‘ओऽऽ’ करायचात. चुन्याची निवळी ताजी लागते. बाटली नीट बंद नसेल तर हवेतलाच कार्बन डायऑक्साइड पिऊन ती आधीच दुधाळ होते, मग मुलाने नळीतून कितीही फुंकलं तरी दाखवायला काही उरत नाही. सल्फ्युरिक आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल सोडायचं, आम्लात पाणी कधी नाही, नाहीतर उकळी येऊन तोंडावर उडतं. हे मला पहिल्याच आठवड्यात आधीच्या मामांनी आपल्या मनगटावरचा डाग दाखवून शिकवलं. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, रॉकेलची पातळी दर शनिवारी बघायची. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत. स्पिरिटच्या दिव्याची वात कातरायची, काचेचं टोपण लावायचं, नाहीतर सकाळी दिवा कोरडा.

पट्टीचुंबकांचं तर वेगळंच. ते कसेही डब्यात टाकले तर त्यांची ताकद हळूहळू जाते. जोडीने ठेवायचे, एकाच्या उत्तर टोकाशी दुसऱ्याचं दक्षिण टोक, मध्ये लाकडाची पट्टी आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंडाचे तुकडे. गेल्या डिसेंबरात मी शाळेत गेलो तेव्हा आठही चुंबक एका प्लास्टिकच्या पिशवीत होते. टाचणी उचलली नाही त्यांनी.

सूक्ष्मदर्शकांचं दुखणं मुंबईच्या हवेचं. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. त्यासाठी मी कपाटात चाळीस वॅटचा बल्ब जून ते सप्टेंबर पेटता ठेवायचो. विजेच्या बिलावरून एकदा लेखी खुलासाही द्यावा लागला होता. सहा सूक्ष्मदर्शकांपैकी आज दोनांतून काही दिसतं. एकात जे दिसतं ते कांद्याची साल नसून बुरशीच आहे, असं एका मुलीने शिक्षकांना सांगितलं म्हणे. ती हुशार निघाली.

दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीसचे दोन पेपर आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे. वीस गुण सगळ्यांना मिळतात, त्याची काळजी नको. पण खोली वर्षातून दोनदा उघडते, एकदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात आणि एकदा तपासणी असली की. शिक्षकांना दोष देऊ नका. आठवड्याला तीसच्या आसपास तास, वर निवडणुकीची कामं, त्यात चाळीस मुलांसाठी परीक्षानळ्या मांडायच्या आणि नंतर ब्रशने धुवायच्या कुणी? ते फळ्यावर नळी काढतात, त्यात तीन टिंबं काढतात, खाली लिहितात ‘बुडबुडे’. सरकारच्या यू-डायस प्लसच्या माहितीत विचारलेलं असतं, की शाळेत प्रयोगशाळा आहे का? लिपिक ‘आहे’ भरतात. खोटं नाही. आहेच ती.

तुम्ही मेळाव्यात शाळेच्या इतिहासाची पाच मिनिटांची फिल्म दाखवलीत. संस्थापकांचे फोटो, ड्रोनने टिपलेली गच्ची. छान होती. पण त्यात भांडुप नव्हतं, आणि भांडुपशिवाय आपल्या शाळेचा इतिहास सुरूच होत नाही. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते, तेव्हा मुंबईहून ठाणे-कल्याणकडे रेल्वे न्यावी हे त्यांच्या मनात आलं, असं रेल्वेच्या इतिहासात लिहिलेलं आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या दारावरून ठाण्याला गेली. म्हणजे कल्पना इथे सुचली आणि बसायला जागा मात्र इथल्या माणसाला अजून मिळत नाही. १९५० मध्ये मुंबई पालिकेची हद्द या बाजूला भांडुपपर्यंत आली. आग्रा रोडच्या, म्हणजे आताच्या एलबीएस मार्गाच्या कडेने कारखाने आले. सिएट, एशियन पेंट्स, जीकेडब्ल्यू. कारखान्यांमागून कोकणातली माणसं आली, डोंगराच्या उतारावर चाळी चढत गेल्या. तुमच्यातल्या निम्म्यांचे वडील यातल्या कुठल्यातरी गेटातून कार्ड पंच करून आत जायचे.

तेव्हा जवळच्या पालिकेच्या शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर मुलुंडला जा नाहीतर घाटकोपरला, गाडीचा पास काढून. मुलांना पास मिळायचा, मुलींचं शिक्षण तिथेच थांबायचं. म्हणून चार शिक्षक आणि कारखान्यातल्या काही फोरमन लोकांनी भाड्याच्या दोन खोल्यांत आठवीचा वर्ग काढला. पत्रे गळायचे, भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. हे मी आधीच्या मामांकडून ऐकलेलं. ते त्या दोन खोल्यांपासून होते, आणि हजेरीपटावर शिपाई म्हणून पहिलं नाव त्यांचंच. आताच्या इमारतीचा पहिला स्लॅब घातला त्या रात्री पालकांनी घमेली वाहिली. १९७५ साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची मुलं एकाच वर्षी एसएससीला बसली, तेव्हा बाकं पुरेनात म्हणून त्या मामांनी डोक्यावरून चाळींतली टेबलं आणली. फिल्ममध्ये त्यांचा फोटो नव्हता. माझ्याकडे एक आहे, पाठवतो.

मी आलो १९८५ ला. वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि घर बसलं ते बसलंच. मला दहावीला विज्ञानात बरे गुण होते, म्हणून लॅबमध्ये घेतलं. त्या नोकरीला तेव्हा वेतनश्रेणी होती, निवृत्तिवेतन होतं. दोन मुली शिकल्या त्याच्यावर. मी सदतीस वर्षं टिकलो त्यात माझा मोठेपणा काही नाही, पगार टिकण्यासारखा होता.

२६ जुलै २००५ तुमच्यापैकी कुणी शाळेत अनुभवली नाही, पण तुमच्यातल्या दोघींची धाकटी भावंडं तेव्हा आपल्याकडे होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. दुपारी गाड्या बंद, फोन बंद. दुपारच्या अधिवेशनाची दीडशेवर मुलं अडकली. शिक्षक होते, पण अर्ध्यांची स्वतःची मुलं कुठल्यातरी दुसऱ्या शाळेत अडकलेली, त्यांचे चेहरे बघवत नव्हते. आम्ही पाच जण होतो. पहारेकरी मामांनी पहिल्यांदा तळमजल्याचा मेन स्विच काढला, कारण पाणी व्हरांड्याला लागलं होतं. मावशींनी मुलींना वरच्या मजल्यावर नेलं आणि दारात स्वतः बसल्या, सकाळपर्यंत उठल्या नाहीत. उजेडाला लॅबमधले स्पिरिटचे दिवे लावले, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक. समोरच्या चाळींमधून पातेलीच्या पातेली पिठलं-भात आला. कोणत्या मुलाला कोण घेऊन गेलं ते मी प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलं, वेळेसकट. शेवटचा मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला गेला. वही अजून कपाटात असेल.

परवा एका आईने मला बाजारात विचारलं, मामा, आता तसं झालं तर शाळेत कोण असतं हो? मी म्हटलं, बाई असतात. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

अजून एक गोष्ट, जी मेळाव्यात शाल पांघरून सांगता आली नसती. मुलींचं स्वच्छतागृह. दोन वर्षांपूर्वी एका क्लबने टाइल्स लावून दिल्या, बाहेर संगमरवरी पाटी आहे. आत दिवसातून एकदा पाणी मारतात, तेही कंत्राटी बाई आली तर. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून अर्ध्याअधिक मुंबईला पाणी जातं, आणि आपल्या दुसऱ्या मजल्याच्या नळाला मात्र कुणी पंप वेळेवर लावला तर पाणी येतं. मोठ्या बाई स्वतः मला म्हणाल्या, की मुली घरून निघताना पाणी पीत नाहीत, शाळेत पाच तास पीत नाहीत. डबा सुका खातात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं लिहिलंय, आणि ती आपल्याकडे आहेत, वेगळी आहेत. ती धुणारा माणूस परिशिष्टात नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की हे सरकारचं काम, आपण का करायचं? आज आपण माणूस दिला तर उद्या सरकार म्हणेल, बघा, चाललंय ना. हा मुद्दा मलाही खातो. आमच्या संघटनेचे लोक आझाद मैदानावर बसले, मीही एक दिवस गेलो होतो. तुमच्यात दोन वकील आहेत, एक मंत्रालयात आहे, एक वर्तमानपत्रात आहे. तुम्ही तो शासन निर्णय वाचा, त्याच्यावर लिहा, शिक्षण विभागाला विचारा. ते जोरात करा. पण त्याचा निकाल लागेपर्यंत आत्ता आठवीत असलेली मुलगी कॉलेजात गेलेली असेल. तिला पाणी प्यायचं आहे ते या वर्षी.

हिशेब मी करून ठेवलाय. एका माणसाला महिना अठरा हजार दिले तर तो टिकेल. भत्त्याचे दहा हजार धरायचे नाहीत, ते आले तर सफाईच्या बाईला जातील. मेळाव्याच्या वहीत एकशे चाळीस सह्या होत्या, जेवणाची ताटं मोजताना मी बघितल्या. प्रत्येकी महिना १३० रुपये झाले तर १८,२०० होतात. वरचे दोनशे फिनेलला. किंवा पॅनेलचे सहा लाख तसेच ठेवलेत तर एका माणसाचा तेहतीस महिन्यांचा पगार निघतो. मी म्हणेन दरमहाचं बघा. एकदम दिलेले पैसे वस्तू होऊन भिंतीला लटकतात.

मला माहीत आहे, यात मजा नाही. पॅनेलवर ‘१९९४ बॅचतर्फे सप्रेम भेट’ असं लिहिता येतं, फीत कापता येते. माणसाच्या पाठीवर तसं लिहिता येत नाही, म्हणजे कागद चिकटवला तरच. चारातलं एक पॅनेल घेतलंत तर माझी हरकत नाही. इतिहासाच्या बाई नकाशे दाखवायला मागत होत्या, आणि ते चालू-बंद करायला मग कुणीतरी असेल. उरलेल्या तिघांचं मात्र परत बघा.

नव्या माणसाला लॅबचं काम मी शिकवीन. पैसे नकोत, भांडुप स्टेशनहून रिक्षाचं भाडंही नको, सकाळचं चालणं डॉक्टरांनी सांगितलंच आहे. सहा महिने लागतील. पहिलं काम चुंबक पुन्हा भारून घेणं, ते होतं, गुंडाळीत ठेवून वीज सोडली की. भिंगांची बुरशी निघेल की नाही ते मात्र बघावं लागेल.

तुमचा,
लॅबमामा

ता. क. पैसे माझ्याकडे देऊ नका, मोठ्या बाईंकडेही रोख देऊ नका. संस्थेच्या खात्यावर चेक, पावती घ्यायची आणि त्या पावतीवर ‘कर्मचारी वेतनासाठी’ एवढं लिहून घ्यायचं. तसं लिहिलं नाही तर ते शाळेच्या कमानीत जातील. कमानीचं पत्र यायचंय तुम्हाला, मी मसुदा पाहिलाय.